साविनची धर्मलेकरं

स्मारांदा चेर्केझ भुताखेतांना भिणारी बाई नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. तिचा धंदाच असा होता की भिऊन चाललं नसतं. बंद पडलेल्या कारखान्यांची तळघरं, शाळांचे माळे, नगरपालिकांचे दमट जिने, जिथे जिथे जुन्या वायरी पडून असतील तिथे जायचं आणि कोणतं यंत्र कोणाला जोडलंय याचा नकाशा काढायचा, हे तिचं काम. सोळा वर्षांत तिला उंदीर भेटले, वटवाघळं भेटली, एकदा पिऊन झोपलेला रखवालदार भेटला. त्यापलीकडे कोणी भेटलं नव्हतं.

फुंदोआया गावाच्या वर, फरच्या रानात, छातीच्या रोग्यांचं जुनं रुग्णालय आहे. त्याचा पूर्वेकडचा भाग सोमवारी पाडायचा होता आणि त्याआधी शनिवारी चार वाजता त्या भागाची वीज कायमची तोडायची होती. तिथून जाणारी एकही वायर आता कामाची नाही, असं स्मारांदानं लिहून द्यायचं, की वायरमन खटका खाली ओढायला मोकळा. अर्ध्या दिवसाचं काम. सकाळी नऊला ती गाडी घेऊन निघाली तेव्हा जेवायला घरी येते असं सांगून निघाली होती.

वर पोचली तेव्हा धुकं इतकं दाट होतं की इमारत दिसायच्या आधी तिला आतला खोकला ऐकू आला.

दारात हेडसिस्टर आग्लाया उभी होती. साठीची, ठेंगणी, हातात प्लास्टिकचा पेला. पेल्यात शिजवलेल्या गव्हाचा कोलिवा, वर अक्रोड, साखर आणि विझलेली मेणबत्ती. आमच्याकडे ऑक्टोबर सरता सरता सगळ्या गेलेल्यांचा शनिवार येतो. बायका पहाटेच देवळात जातात, पाद्रीबाबांच्या हातात नावांचा कागद देतात, एका बाजूला जिवंतांची नावं, दुसऱ्या बाजूला गेलेल्यांची. बाबा सगळी नावं मोठ्यानं वाचतात, आणि मग परतताना जो भेटेल त्याच्या हातात कोलिवा ठेवायचा.

"घ्या इंजिनियरबाई. साविनच्या नावानं आहे."

"ज्याच्या नावानं दिला त्याला पोचो," स्मारांदा म्हणाली, कारण म्हणावंच लागतं, आणि उभ्या उभ्या दोन चमचे खाल्ले. "साविन म्हणजे?"

"आमचा वायरीवाला. वीस वर्षं इथलं सगळं त्यानंच ओढलं, त्यानंच जोडलं. एप्रिलात छातीच्या दुखण्यानं गेला बिचारा. लग्न नाही, भाऊ नाही, कोणी नाही. मीच करते त्याचं सगळं." आग्लायानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुमचं नाव काय म्हणालात?"

"स्मारांदा."

"ओळखीचं वाटतं," आग्लाया म्हणाली, आणि आत वळली.

नकाशा अर्थातच नव्हता. "सगळं त्याच्या डोक्यात होतं," हे वाक्य स्मारांदानं आयुष्यात शेकडो वेळा ऐकलं होतं, आणि दर वेळी त्या डोक्याच्या मालकाला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या होत्या. इथेही तिनं त्या तयार ठेवल्या होत्या. सिस्टरांच्या खोलीतलं भिंतीवरचं कपाट तिनं उघडलं आणि शिव्या तोंडातच राहिल्या.

आत एकही वायर वाकडी नव्हती. प्रत्येक जुडगा वीतभर अंतरावर मेण लावलेल्या सुतळीनं बांधलेला, प्रत्येक गाठ एकसारखी, प्रत्येक टोकाला बारीक, सरळ अक्षरातली चिठ्ठी. प्लास्टिकचे पट्टे वापरून एका दुपारी उरकता येईल तिथे या माणसानं गाठी मारल्या होत्या, म्हणजे पुढे कोणाला सोडायची वेळ आली तर कात्री लागू नये. स्मारांदा बराच वेळ ते कपाट बघत उभी राहिली. स्वतःच्या कामाची तिला जरा लाज वाटली, खरं सांगायचं तर.

"वायरवाल्या बाई," नऊ नंबरच्या खोलीतून आवाज आला, "त्या पेल्यात माझ्यासाठी काही उरलंय का? नाहीतर पुढच्या वर्षी माझ्याच नावाचा खावा लागेल तुम्हाला."

"पानाइत, गप पड," आग्लाया ओरडली. पानाइत म्हणजे जुना जंगलखात्याचा माणूस, फुप्फुसं निम्मी उरलेली, जीभ मात्र शाबूत. त्याच्या बोटाला चिमटा होता आणि त्यातून त्याच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा सिस्टरांच्या खोलीतल्या पडद्यावर येत होता. असे बावीस आकडे त्या पडद्यावर होते. रात्री बावीस रोग्यांना एकच सिस्टर असते आणि तो पडदा हेच तिचे डोळे. पानाइतचा आकडा रात्री दोनतीनदा घसरतो, म्हणाली आग्लाया. पडदा किंचाळतो, सिस्टर धावते, म्हणून तो सकाळी गव्हाची चौकशी करायला शिल्लक असतो.

स्मारांदा कामाला बसली. नकाशा काढायची तिची रीत सोपी होती. वायरी जिथे एकत्र येतात ते खोके, म्हणजे स्विच, आपापल्या शेजाऱ्यांना ओळखतात. सगळं गाव एकालाही ठाऊक नसतं, पण उजवीकडे कोण, डावीकडे कोण, हे प्रत्येकाला पाठ असतं. पहिल्याला विचारायचं, तुझा शेजारी कोण? त्यानं नाव सांगितलं की त्या शेजाऱ्याला विचारायचं. असं दारोदार हिंडत गेलं की गावाचा नकाशा तयार होतो.

कपाटातल्या स्विचला तिनं विचारलं. त्यानं आपलं नाव सांगितलं: टोडर.

ती हसली. लोक नंबर देतात, मजल्यांची नावं देतात. या माणसानं माणसांची नावं दिली होती. टोडरचा शेजारी वासिलिका. वासिलिकेचा शेजारी हारालांब. हारालांबचे शेजारी दोन, अनिका आणि प्रोकोप.

"काय म्हणालात?" मागे फडताळ लावणारी आग्लाया थबकली. "पुन्हा म्हणा."

"हारालांब, अनिका, प्रोकोप."

आग्लायानं एप्रनच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. सकाळी देवळात वाचून झालेला. जिवंतांच्या रकान्यात तिच्या गोल अक्षरात ओळीनं लिहिलं होतं: टोडर, वासिलिका, हारालांब, अनिका, प्रोकोप…

"त्याच्या टेबलाच्या खणात मिळाला होता," ती खुर्चीत बसली. "तारखांसकट. कोणी दोन हजार सहाचं, कोणी अकराचं. गेलेल्यांच्या बाजूला दोन दोन तारखा. दोन हजार एकला आलं, सातला गेलं. मला वाटलं, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानं मांडीवर घेतलेली धर्मलेकरं. गावोगावची. आणि त्यातली कितीतरी पाचसहा वर्षांची होऊन गेलेली… मी रडले हो त्या कागदावर. वीस वर्षं इथे एकटा जेवायचा आणि एकदाही म्हणाला नाही की माझं पोर गेलं. मी कागद स्वच्छ उतरवून काढला आणि दर शनिवारी वाचायला दिला."

"म्हणजे पाद्रीबाबा सहा महिने स्विचना आशीर्वाद देतायत?"

"जिवंतांना आरोग्य आणि गेलेल्यांना शांती," आग्लाया म्हणाली, आणि मग दोघीही इतक्या हसल्या की पलीकडून पानाइतनं काय झालं म्हणून विचारलं.

हसता हसता स्मारांदाला कळलं की हाच नकाशा आहे. नावांचा क्रम म्हणजे जोडणीचा क्रम. साविननं सगळं डोक्यात ठेवलं नव्हतं. आपल्याला येत होती त्या एकाच पद्धतीनं, दोन रकान्यांत, त्यानं ते नीट लिहून ठेवलं होतं. तिनं कागद शेजारी ठेवला आणि तासाभरात अकरा स्विच शोधून प्रत्येकाला हात लावून आली. जिवंतांच्या रकान्यात मात्र तेरा नावं होती. राहिलेल्या दोघांपैकी एकाचं नाव स्मारांदा होतं, आणि त्या नावाच्या स्विचनं काही उत्तर दिलं नाही.

"तरीच ओळखीचं वाटलं," आग्लाया म्हणाली. "सहा महिने तुमच्या तब्येतीसाठी प्रार्थना होतेय."

"तब्येत चांगलीच आहे माझी. त्यामुळेच असेल."

दुसरं नाव ग्लिकेरिया. ती उत्तर देत होती. टोडर म्हणाला, सातव्या भोकात माझी शेजारीण ग्लिकेरिया. ग्लिकेरिया म्हणाली, एका बाजूला माझा टोडर आणि दुसऱ्या बाजूला नऊ नंबरच्या खोलीचा चिमटा. पानाइतचा आकडा हिच्याच खांद्यावरून येत होता, आणि ती पाडायच्या जुन्या भागात होती. चारला वीज गेली की पडद्यावर एकवीस आकडे उरणार होते.

दीड वाजला होता. वेळ होता. स्मारांदा टोडरच्या सातव्या भोकातली वायर धरून निघाली.

जुन्या भागाच्या दारापलीकडे दिवे मंद होते. निलगिरीच्या तेलाचा आणि ओल्या चुन्याचा वास. खाटा नेलेल्या, भिंतींवर रोग्यांच्या डोक्यांचे तेलकट डाग तेवढे राहिलेले. खिडक्यांना बाहेरून धुकं टेकलं होतं. वायर छताच्या कडेनं, गाठीगाठीनं, एकदाही न लोंबता पुढे गेली, कोपऱ्यावर वळली आणि एका कोनाड्यापाशी खाली उतरली.

कोनाड्यात काही नव्हतं.

भिंतीवर फिक्या रंगाचा एक चौकोन होता, खोका असायचा तेवढा. दोन स्क्रू. टोडरकडून आलेली वायर चौकोनाच्या डाव्या बाजूला संपत होती, टोक कापलेलं, सुतळीनं बांधून ठेवलेलं. उजव्या बाजूला नऊ नंबरची वायर, तीही कापलेली, तीही बांधलेली. मध्ये हातभर मोकळी हवा.

स्मारांदानं लॅपटॉप कोनाड्याच्या कडेवर ठेवला आणि ग्लिकेरियाला विचारलं, आहेस का? पापणी लवायच्या आत उत्तर आलं. आहे.

तिनं खिशातून फोन काढला. "सिस्टर," ती हळू आवाजात म्हणाली, "पानाइतच्या बोटाचा चिमटा जरा काढा."

"काढला."

"पडद्यावर?"

"गेला आकडा. ओरडतोय पडदा."

"परत लावा."

"लावला… आला. एक्क्याण्णव. काय झालं?"

"काही नाही."

तिनं चौकोनाला तळहात टेकवला. भिंत गार होती, चौकोन कोमट होता. आणि कान जवळ नेला तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला जो तिनं झोपेतही ओळखला असता, स्विचच्या छोट्या पंख्याची घरघर, बेअरिंग झिजलेली, थकलेली. तिनं हात मागे घेतला. तरीही आणखी एक प्रश्न तिनं विचारला, कारण सोळा वर्षं ती तो प्रत्येक यंत्राला विचारत आली होती. किती दिवस चालू आहेस?

एकशे ब्याऐंशी.

ती चालतच परत आली, धावली नाही, याचा तिला पुढे अभिमान वाटायचा. आग्लायाला तिनं सगळं सांगितलं. आग्लायानं बोटांवर आठवडे मोजले, दोनदा मोजले.

"सव्वीस शनिवार," ती म्हणाली. "मी पहिला कागद दिला तो साविन गेल्यानंतरचा शनिवार… तेव्हापासून सव्वीस."

"साविनचा मूळ कागद कुठे आहे?"

"घरी. देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे."

तो नंतर बघता आला असता. आधी पानाइत. नऊ नंबरपासून सिस्टरांच्या खोलीपर्यंत चाळीस मीटर नवी वायर ओढायची, मध्ये नवा स्विच टांगायचा, आणि घड्याळात दोन वाजून गेले होते. एकटीला हे जमणं कठीण होतं. वायरमन खाली येऊन बसला होता आणि चार म्हणजे चार असं म्हणत होता. स्मारांदानं शिडी लावली आणि नऊ नंबरच्या बाहेरची छताची पहिली फळी उचलली.

आत वायर होती. नवी, कधीच न वापरलेली, वीतभर अंतरावर सुतळीच्या गाठी. तिनं दुसरी फळी उचलली, तिसरी उचलली. वायर सिस्टरांच्या खोलीपर्यंत थेट गेली होती. खोलीच्या दाराशेजारी, कपाटाच्या उंचीवर, दोन स्क्रू भिंतीत बसवून ठेवलेले. तिच्या पिशवीतला स्विच याच उन्हाळ्यात बाजारात आलेला. तो तिनं त्या स्क्रूंवर ठेवला आणि तो टक्कन बसला. वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठ्या होत्या, बारीक सरळ अक्षरात: स्मारांदा.

शिडीवर उभ्या उभ्या तिला रडू आलं. भीतीचं नव्हतं ते. कोणीतरी मरायच्या आधी, छातीत कळा येत असताना, या छतात पोटावर सरपटत चाळीस मीटर गाठी मारत गेलं होतं, जो अजून आलेला नाही त्याच्यासाठी. असं काम तिनं कधी पाहिलं नव्हतं आणि स्वतः केलंही नव्हतं.

नव्या स्विचला तिनं तेच नाव दिलं. दुसरं देणं बरं दिसलं नसतं.

चारला दहा कमी असताना ती पानाइतच्या खाटेशी वाकली. "जुनी वायर काढते. पाचदहा सेकंद तुमचा आकडा जाईल."

"जाऊ दे. सत्तर वर्षं होतोच मी आकड्याशिवाय." मग तो हळूच म्हणाला, "बाई… परत येईल ना?"

"येईल."

तिनं जुनी काढली, नवी लावली. पडदा किंचाळला. एक, दोन, तीन… आग्लायानं क्रूसाची खूण केली. सात, आठ… आणि पडद्यावर एक्क्याण्णव उमटलं. या वेळी ते स्मारांदाच्या नावावरून आलं होतं.

चारला वायरमननं खटका खाली ओढला. जुना भाग काळा झाला. नकाशावरचे तिथले तीन ठिपके एकेक करून विझले. चौथा विझला नाही. वीज नाही, वायर नाही, पानाइतचं ओझंही उरलं नाही, आणि ग्लिकेरिया विचारलं की सांगत होती, आहे.

"हिला असं ठेवून मी जाणार नाही," स्मारांदा म्हणाली.

आग्लायाची पाळी संपली होती. दोघी खाली गावात गेल्या. आग्लायाच्या स्वयंपाकघरात देव्हाऱ्याखाली तेलाचा दिवा जळत होता. तिनं तसबिरीमागून साविनचा कागद काढला आणि टेबलावर पसरला. गिचमिड भरलेला, दोन रकाने, मधली रेघ पुसट. टोडरच्या ओळीत, रेघेच्या जेमतेम पलीकडे, गेलेल्यांच्या बाजूला: ग्लिकेरिया, दोन तारखा, छोटा क्रूस. ती साविनच्या जेमतेम आठवडाभर आधी गेली होती.

"देवा," आग्लाया चष्मा सारत म्हणाली. "मी हिला रेघेच्या अलीकडे, जिवंतांत उतरवली. सव्वीस शनिवार तिला आरोग्य मागितलं. मग ती जाईल कशी?"

"आणि बरं झालं उतरवलीत. साविन ते काम अर्धं टाकून गेला होता. ग्लिकेरियाला काढल्यावर नऊ नंबरला काहीच उरलं नव्हतं."

आग्लायानं आपला कागद घेतला. जिवंतांच्या रकान्यातलं नाव खोडलं आणि पलीकडे, गेलेल्यांच्या शेवटी, सावकाश लिहिलं. "जा बाई आता," ती म्हणाली. "पुष्कळ केलंस."

टेबलावरच्या, फोनवरून रुग्णालयाशी जोडलेल्या लॅपटॉपमध्ये ठिपका विझला. स्मारांदानं पुन्हा विचारलं. उत्तर आलं नाही. तिनं डोळे पुसले आणि कोलिव्याचा उरलेला पेला पुढे ओढला, भूक लागली होती.

मग तिची नजर पुन्हा साविनच्या कागदावर गेली. टोडरच्या खाली, जिवंतांच्या बाजूला, तिचं नाव होतं. पुढे तारीख. आजची.

"मला वाटलेलं साल चुकलंय त्याचं," आग्लाया पुटपुटली. "म्हणून मी तारखा उतरवल्याच नाहीत…"

"खोक्याची तारीख आहे ती. टांगायच्या दिवसाची. त्याला पाडकामाचं ठाऊक असेल."

"खोक्याचीच. दुसरी कोणाची असणार?"

बाकीच्या जिवंतांपुढे एकेकच तारीख होती. स्मारांदापुढे आजच्या तारखेनंतर एक आडवी रेघ होती, आणि रेघेनंतर मेणाचा एक जाड थेंब. आग्लाया कागद उतरवत होती तेव्हा मेणबत्तीतून पडला असावा. मेणाच्या कडेतून शाईच्या एका आकड्याचं शेपूट बाहेर आलं होतं.

आग्लायानं कागद दिव्याकडे सरकवला आणि थेंबाच्या कडेला नख टेकवलं. "खरवडू?"

स्मारांदानं तिचा हात धरला.

"नको," ती म्हणाली. "आणि सिस्टर… पुढच्या शनिवारी मला नीट बघून रेघेच्या अलीकडे उतरवा."